पंडिता रमाबाई : दोन दुष्काळ आणि एक भरवसा

पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. परंतु त्यांचे जे चरित्र सामान्यतः सांगितले जाते ते १८९३ च्या सुमारास येऊन थांबते. कलकत्त्याच्या विद्वानांना संस्कृत पांडित्याने थक्क करणारी तरुणी, परप्रांतीय व परजातीय गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह करणारी ब्राह्मणकन्या, शारदासदनाची संस्थापिका आणि धर्मांतराच्या वादळात सापडलेली विधवा, एवढे चित्र पाठ्यपुस्तकांतून मनावर ठसते. त्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे रमाबाईंनी केडगावच्या माळावर काढली. त्या वर्षांविषयी मात्र आपल्या समाजाला फारसे कुतूहल वाटलेले नाही. वास्तविक, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रयोग याच काळातला आहे. ठरलेले उत्पन्न नाही, कायमचा निधी नाही, आणि तरीही दोन हजारांच्या घरात असलेल्या निराधार स्त्रिया व मुलींचा संसार चालवायचा, असा तो प्रयोग होता. रमाबाईंच्या शब्दकोशात त्याचे नाव ईश्वरावरील भरवसा असे होते. हा भरवसा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर त्यांनी पाहिलेल्या दोन दुष्काळांपासून सुरुवात करावी लागते.

पहिला दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी गृहस्थ. स्त्रीने संस्कृत शिकू नये हा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले, आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करून ते अरण्यात जाऊन राहिले. घरी विद्यार्थी आणि अतिथी यांची रीघ असे. आतिथ्याचा खर्च वाढत गेला, कर्ज झाले, जमीनजुमला गेला. रमाबाई अगदी तान्ह्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले ते कायमचेच. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण वाचावे, श्रोते जे धान्य, वस्त्र अथवा द्रव्य देतील त्यावर निर्वाह करावा, आणि उरेल ते दानधर्मात खर्च करावे, हा त्यांचा जीवनक्रम होता.

१८७४ ते १८७७ या काळातील मद्रास इलाख्यातील दुष्काळाने हा क्रम उद्ध्वस्त केला. लोकांना स्वतःलाच खायला नव्हते, तेव्हा पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? जवळचे द्रव्य देवाच्या कृपेसाठी दान करण्यात संपले. दागिने आणि भांडी विकली गेली. आणि शेवटी कुटुंबाने तिरुपतीजवळच्या रानाचा आश्रय घेतला. तेथे अकरा दिवस पाणी, झाडांची पाने आणि रानखजूर यांवर त्यांनी काढले. अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीची तयारी केली. तेव्हा रमाबाईंचे बंधू श्रीनिवास यांनी जातीचा अभिमान सोडून मोलमजुरी करण्याचे बोलून दाखविले. हा विचार त्या कुटुंबात प्रथमच उच्चारला गेला, पण तोवर फार उशीर झाला होता. रानातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली. आईच्या तिरडीला चौघे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले आणि उरलेला भार पुत्राने व कन्येने उचलला. पुढे वडील बहीणही पटकीने गेली.

या अनुभवाचा अर्थ रमाबाईंनी पुढे स्वतःच लावला, आणि तो लावताना आईवडिलांविषयीचा आदर त्यांनी तिळमात्र कमी होऊ दिला नाही. त्यांच्या मते कुटुंबाचा घात केवळ अवर्षणाने केला नव्हता. हातांना काम ठाऊक नव्हते, काम करणे कमीपणाचे वाटत होते, आणि जे द्रव्य होते ते पुण्य विकत घेण्यात गेले होते. देवावर श्रद्धा होती. परंतु तिच्याभोवती प्रतिष्ठेची जी भिंत होती तिने माणसांना उपाशी मारले. हा दोष कोणत्या एका धर्माचा नव्हे. श्रद्धेने श्रमाशी फारकत घेतली की कोठेही असेच घडते. रमाबाईंच्या पुढील भरवशाची जात वेगळी का होती, याचे उत्तर तिरुपतीजवळच्या त्या रानात आहे.

हमीच्या शोधात

त्यानंतर भावाबहिणीने हजारो मैल पायी भ्रमण केले. पंजाबच्या थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली आणि तेथे रमाबाईंना पंडिता व सरस्वती हे किताब मिळाले. १८८० मध्ये श्रीनिवासांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेला. चोविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी रमाबाई विधवा झाल्या. माहेर उरले नव्हते आणि सासरचा आधार असा नव्हताच.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी अध्ययन व अध्यापन केले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे भारतातील विधवांसाठी शाळा काढण्याची कल्पना मांडत गावोगाव फिरल्या.

या टप्प्यावरील रमाबाई व्यवहारदक्ष आहेत. भारतात विधवांची शाळा काढायची तर तिला आर्थिक हमी हवी, हे त्या जाणून होत्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ठिकठिकाणच्या रमाबाई मंडळांच्या सभासदांनी वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. लहान लहान रकमांची, परंतु मुदतबंद आणि निश्चित अशी ही योजना होती. तिच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीवर शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत.

ही हमी पैशापुरती होती. लोकमताची हमी कोणीच दिलेली नव्हती. शारदासदनातील काही मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा दिसू लागताच १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पालकांची भीती अकारण होती असे म्हणता येणार नाही. अज्ञान वयातील मुलींच्या बाबतीत पालकांच्या विश्वासाला महत्त्व असतेच. परंतु ज्या विधवांना घरी परत नेण्यास कोणीच आले नाही त्यांचे काय, हा रमाबाईंचा प्रश्नही तितकाच खरा होता.

आता दुसरी चिंता समोर होती. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती आणि पुण्यातील आधार तुटलेला होता. रमाबाईंनी यावर जो उपाय योजला तो कोणाही अर्थशास्त्रज्ञाला पटेल असाच होता. पुण्याच्या पूर्वेस लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे फळझाडे लावावीत आणि वर्गणी बंद होईल तेव्हा बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तो बेत होता.

दुसरा दुष्काळ

बागेला फळ येण्यापूर्वीच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील बातम्या ऐकून रमाबाई अस्वस्थ झाल्या. कारण बातमीतील प्रत्येक ओळीमागे त्यांना स्वतःचे आईवडील दिसत होते. व्यवहाराचा सल्ला अगदी स्पष्ट होता. असोसिएशनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होता, दुष्काळपीडितांसाठी नव्हता. स्वतःजवळ शिल्लक नव्हती. दोन वर्षांत असलेली वर्गणीही संपायची होती. अशा वेळी जबाबदारी वाढवू नये, असेच कोणीही सांगितले असते.

याच सुमारास काही चरित्रे त्यांच्या वाचनात आली होती. त्यांत ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र होते. या जर्मन धर्मोपदेशकाने १८३० मध्ये आपले ठरावीक वेतन सोडले आणि १८३६ पासून अनाथालये चालविली. कोणाजवळही पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही, गरज केवळ प्रार्थनेत सांगायची, आणि आलेल्या पैचा हिशेब मात्र दरवर्षी छापून प्रसिद्ध करायचा, हा त्याचा नियम होता. १८९८ मध्ये तो मरण पावला तोपर्यंत दहा हजारांवर अनाथ मुले त्याच्या आश्रयाखाली वाढली होती. हे वाचून रमाबाईंच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडसारख्या सुखवस्तू देशात जे घडले ते दरिद्री हिंदुस्थानात घडेल काय?

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळग्रस्तांच्या छावण्या व अन्नछत्रे पाहिली, तेथे तरुण मुलींची कशी विटंबना होते हे डोळ्यांनी पाहिले, आणि सुमारे तीनशे स्त्रिया व मुली बरोबर आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. शहरात एवढ्या माणसांना ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगावच्या मोकळ्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन अशा रीतीने आश्रयाची जागा झाली. मुक्तिसदनाचा आरंभ हा असा झाला.

१८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुन्या असोसिएशनच्या जागी नवे स्थापन झाले आणि शारदासदनाला साहाय्य मिळत राहिले. मुक्तीचा वाढता खर्च मात्र ठरलेल्या वर्गणीवर उभा राहिला नाही. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. संख्या आधी वाढे आणि पैसा मागून येई; हा क्रम उलटा करण्यास रमाबाई कधीच तयार झाल्या नाहीत.

भरवसा आणि हिशेब

१९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी मुक्तीच्या अर्थव्यवहाराचे वर्णन केले आहे. कोणत्याही बँकेत खाते नाही, कायम ठेव नाही, ठरलेले उत्पन्न नाही. रोजच्या गरजेहून अधिक एक पैसाही शिल्लक नाही. आणि तरी कशाची वाण पडत नाही, असा त्याचा आशय आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाजवळ मागायची ती त्या दिवसापुरती भाकर. ही मागणी बहुतेक ठिकाणी ओठांवर राहते; केडगावला ती अंदाजपत्रक बनली होती.

मात्र येथे एक गल्लत टाळली पाहिजे. बँकेत शिल्लक नव्हती याचा अर्थ भांडवल नव्हते असा नव्हे. त्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकविली गेली, गाईगुरे पाळली गेली. हातमाग, तेलाचा घाणा, शिवणकाम, धुलाई, दूधदुभते, छापखाना असे उद्योग निघाले. अक्षरओळखीबरोबर प्रत्येकीला हाताचे एक तरी काम येईल, असा कटाक्ष होता. ज्या घरात मजुरीचा विचार यायला मृत्यू दाराशी यावा लागला, त्या घरातील मुलीने उभारलेली ही संस्था आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घाण्याचा आणि मागाचा अर्थ कळतो. द्रव्याचा संचय करायचा नाही. पण जमिनीत, पाण्यात आणि माणसाच्या हातांत जे गुंतविता येईल ते सारे गुंतवायचे, अशी ही रीत होती. १८७४ चे कुटुंब आणि १९०० चे केडगाव, दोन्ही देवावर विसंबून होती. पहिल्या ठिकाणी त्या विसंबण्याने हात बांधले; दुसऱ्या ठिकाणी त्याने ते मोकळे केले.

या भरवशाने रमाबाईंची अन्यायाची चीडही बोथट केली नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी बॉम्बे गार्डियन या पत्रात उघड तक्रार केली. मुंबई सरकारने तिचा इन्कार केला आणि प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. देव पाहून घेईल असे म्हणून सरकारला मोकळे सोडणे त्यांना मान्य नव्हते. देवावर विसंबणाऱ्याला सरकारचे आणि समाजाचे भय उरत नाही, हा या वृत्तीचा एक व्यावहारिक लाभच म्हणावा लागेल.

स्वतःपुरत्या सुखाचा प्रश्न तर त्यांनी केव्हाच निकालात काढला होता. इंग्लंड-अमेरिकेत त्यांना अध्यापनाचे, लेखनाचे, मानसन्मानाचे आयुष्य सहज मिळाले असते. त्याऐवजी त्यांनी पांढरे सुती लुगडे, शाकाहारी साधे जेवण आणि धुळीचा माळ पत्करला. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांनी छापले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ मध्ये, जिच्यावर संस्थेचा भार सोपवायचा ती एकुलती एक मनोरमा वारली. ज्या देवावर सर्व टाकले त्याने शेवटी हेही काढून घेतले, असा विचार कोणाच्याही मनात आला असता. रमाबाईंनी भाषांतराचे उरलेले काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावलाच देह ठेवला.

आक्षेप

या सर्वांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. पैसा आकाशातून पडला नाही. तो अमेरिकेतील, इंग्लंडमधील, ऑस्ट्रेलियातील भाविकांच्या खिशातून आला. तो यावा म्हणून अहवाल छापले गेले, पत्रे गेली, वृत्त निघाले. मग याला भरवसा का म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. दात्याला गरज कळल्याशिवाय दान येत नाही, आणि रमाबाईंचे नाव जगभर गाजलेले नसते तर केडगावला किती मदत आली असती याची शंकाच आहे. त्याच विश्वासाने आरंभलेली आणि निधीअभावी बंद पडलेली कामे इतिहासात नोंदली जात नाहीत, हेही विसरता येणार नाही.

परंतु रमाबाईंचा भरवसा पैसा कोणत्या वाटेने येईल याविषयी नव्हताच. माणसांच्या हातून येतो हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. म्हणून तर मिळालेल्या साहाय्याविषयी त्या जाहीरपणे लिहीत. त्यांचा भरवसा वेगळ्या ठिकाणी होता. समोर उपाशी मुलगी उभी आहे आणि उद्याच्या खर्चाची हमी नाही, अशा वेळी तिला आत घ्यायचे की नाही? हमी मिळेपर्यंत थांबणे हा शहाणपणा खरा. पण दुष्काळात थांबण्याची किंमत त्या मुलीने भरायची असते. रमाबाईंनी ती किंमत तिच्यावर न टाकता अनिश्चिततेचा भार स्वतःकडे घेतला. तो भार पेलण्याचे बळ त्यांना ख्रिस्तावरील श्रद्धेतून मिळाले. ज्याला ही श्रद्धा मान्य नाही त्याने बळाचा उगम अन्यत्र शोधावा; भार उचलला गेला ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

नियमित पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांच्या आधाराने जगणाऱ्या मध्यमवर्गाला हे चरित्र म्हणूनच काहीसे अवघड वाटते. तरतूद करू नये असे ते सांगत नाही. रमाबाईंनी स्वतः जमीन घेतली, झाडे लावली, विहिरी खणल्या. तरतूद पुरी होईपर्यंत कर्तव्य तहकूब ठेवू नये, एवढेच ते सांगते. घराचे हप्ते फिटू देत, मुलांची शिक्षणे होऊ देत, निवृत्ती येऊ दे, मग पाहू, असे म्हणताना जे राहून जाते त्याचा हिशेब कोणत्याही खतावणीत लिहिला जात नाही. रमाबाईंनी लावलेली फळझाडे उत्पन्न देऊ लागेपर्यंत वाट पाहिली असती तर मध्य प्रांतातील त्या तीनशे जणींपैकी किती जणी हयात राहिल्या असत्या?

रमाबाईंच्या निधनाला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. केडगावची संस्था आजही उभी आहे आणि निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे. ज्या कामाला दहा वर्षांपलीकडची हमी कोणी दिली नव्हती, त्याने शतक ओलांडले आहे.